भयाचे खेळ आणि भयभीत रुग्ण

भयकथेचे वावडे मराठी वाचकाला कधीच नव्हते. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या कथांनी सीमाभागातील आमच्या पिढीचीही झोप उडवली. आजची मुले तोच थरार व्हिडिओ गेममध्ये शोधतात. “डॉक्टरसाहेब, त्यात घाबरण्यासारखे असते तरी काय?” असे पालक मला विचारतात. या प्रश्नाचे उत्तर आपल्या व्यवसायाशीही निगडित आहे, असे मला वाटते.

भीतीचे मूळ राक्षसाच्या रूपात नसते. १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये गोळ्या मोजक्याच मिळत आणि प्रत्येक दार संथपणे उघडे. वस्तुतः पुढची खोली यंत्रात उतरेपर्यंतचा तो वेळ होता. खेळणाऱ्याला मात्र तो युगासारखा वाटे. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मधील दाट धुके हीदेखील यंत्राची मर्यादा झाकण्याची युक्ती होती. त्या धुक्यात जवळचा रेडिओ खरखरू लागला, की कोणीतरी आसपास आहे एवढेच कळे. कोण आणि कोठे, ते कळत नसे. २०१० च्या ‘अ‍ॅम्नेशिया’त तर शस्त्रच नाही. हाती असतो केवळ कंदील, आणि त्याचेही तेल संपत जाते.

अकस्मात आवाजाने दचकणे ही प्रतिक्षिप्त क्रिया होय. ती क्षणात ओसरते. धास्ती निराळी. काहीतरी घडणार, पण केव्हा आणि कसे हे ठाऊक नाही, या अनिश्चिततेवर ती पोसते. मेंदूतील अमिग्डाला सावध होते, अ‍ॅड्रिनलिन वाढते, नाडी जलद चालते. त्यातच कथेत पात्र दार उघडते. खेळात ते स्वतःच्या अंगठ्याने उघडावे लागते. अज्ञान, अपुरी साधने आणि तरीही पाऊल टाकण्याची सक्ती, या तिहींतून खरे भय निर्माण होते.

मित्रहो, हीच तीन कारणे आपल्या प्रतीक्षालयातही बसलेली असतात. खेळणाऱ्याला केव्हाही खेळ थांबवता येतो, म्हणून त्याची भीती अखेर मौज ठरते. रुग्णाला ती सोय नाही. औराद, भालकी किंवा आळंदहून आलेल्या आजींच्या हाती इंग्रजी अहवाल असतो, भोवती कन्नड फलक असतात आणि मनातले प्रश्न मराठीत असतात. अहवाल वाचताना आपल्या कपाळावर उमटलेली आठी त्यांना दिसते. रेडिओची खरखर ती हीच.

‘अधिक सांगितले तर रुग्ण अधिक घाबरतो’ असे काही व्यवसायबंधू म्हणतात. रुग्णाला किती ऐकायचे आहे हे ओळखून बोलावे, हे मान्य. पण मौन हा त्यावरचा उपाय नव्हे. धुक्यातला राक्षस दिसणाऱ्या राक्षसापेक्षा मोठा असतो, हे खेळ रचणाऱ्यांनी पुरते ओळखले आहे. नुसत्या ‘घाबरू नका’ने भीती जात नाही. काय आढळले, काय अद्याप कळायचे आहे, पुढची तपासणी कोणती, निकाल केव्हा मिळेल आणि तोवर काय करायचे, एवढे रुग्णाच्या मराठीत, कन्नडमध्ये, दखनीत किंवा तेलुगूत सांगावे. त्याला पाच मिनिटे लागतात. आजार त्याने बरा होत नाही. पण पुढचे दार उघडताना रुग्णाच्या हाती निदान दिवा असतो. तो देणे हे औषध लिहून देण्याइतकेच आपले कर्तव्य आहे.