एका दिवसाची सुरक्षितता

आमच्या चौकातील एका रिक्षाचालकाने गेल्या महिन्यात चार दिवस धंदा बंद ठेवला. जुनी रिक्षा पासिंगला न्यायची होती. त्याने ब्रेकचे लायनर बदलले, हेडलाइटचा झोत खाली आणला, फाटलेले हूड शिवले, रंगाचा हात फिरवला. मागचे दोन टायर मात्र भावाच्या रिक्षाचे उसने लावले; प्रमाणपत्र मिळताच ते परत गेले. "सर, कर्जाचा हप्ता आणि टायर एका महिन्यात जमत नाहीत," तो म्हणाला.

याला लबाडी म्हणणे सोपे आहे. पण सारा खर्च आणि बुडालेली रोजी ज्याच्या एकट्याच्या माथी, त्याचे वाहन त्या दिवसापुरतेच सुरक्षित राहणार, हे साधे अर्थशास्त्र आहे. त्यात योग्यता प्रमाणपत्राच्या विलंबापोटी दररोज ५० रुपयांचा भुर्दंड डिसेंबर २०१६ मध्ये नियमांत आला. संघटनांना रस्त्यावर उतरावे लागले, तेव्हा कुठे २०२४ मध्ये राज्यात त्याला स्थगिती मिळाली.

तपासणी हवीच, प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे, आपण तिला विरोध करता कामा नये. परंतु आठ वर्षांवरील रिक्षाला ती दरवर्षी, आणि खासगी मोटारीला नोंदणीनंतर पंधरा वर्षे नाही, हा कोणता न्याय? निकामी ब्रेक मालकाचे उत्पन्न विचारीत नाही!

चालकांच्या पतसंस्थांमार्फत टायर-ब्रेकसाठी बिनव्याजी कर्ज द्यावे आणि खासगी मोटारींचीही वार्षिक तपासणी व्हावी, अशी मागणी पक्षाने केली पाहिजे. दुसऱ्या मागणीने आपल्याच काही मोटारवाल्या सहानुभूतीदारांच्या कपाळाला आठ्या पडतील.