नळाचे पाणी आणि आमची प्रयोगवही

प्रयोगवहीतील उत्तर बरोबर असावे की खरे असावे, असा प्रश्न कोणी केला तर तो केवळ शब्दच्छल वाटेल. बरोबर ते खरे आणि खरे तेच बरोबर, असे आपण सर्व मानतो. परंतु यंदा आमच्या वर्गात असा एक प्रसंग घडला की, या दोहोंत अंतर पडू शकते, हे आम्हांस कबूल करणे भाग पडले.

बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढण्याचा प्रयोग होता. पेटीवर 10 सेंटिमीटर अशी चिठ्ठी होती. आमच्या मोजपट्टीवर मात्र उत्तर पुनःपुन्हा 12 च्या आसपास येई. आम्ही काय केले? आलेले आकडे खोडले आणि उत्तर 10 येईल अशी निरीक्षणे मागाहून रचली. शेजारच्या मेजांवरही तेच झाले. पुढे गुरुजींनी भिंगे तपासली, तेव्हा ती चिठ्ठी दुसऱ्याच भिंगाची असल्याचे उघडकीस आले. आमच्या सर्वांच्या वह्या चिठ्ठीशी जुळत होत्या. भिंगाशी मात्र एकही जुळत नव्हती.

याच सुमारास, स्नायू आकुंचन कसा पावतो याविषयी वाचीत असता सिडनी रिंगर यांची हकीकत आमच्या पाहण्यात आली. रुग्णालयात शिरेतून देतात त्या ‘रिंगर लॅक्टेट’च्या बाटलीवर ज्यांचे नाव असते, तेच हे लंडनचे डॉक्टर. शरीराबाहेर काढलेले बेडकाचे हृदय कोणत्या द्रावणात धडधडत राहते, याचा ते शोध घेत होते. मिठाच्या पाण्यात अल्पसे पोटॅशियम क्लोराइड मिसळले की काम भागते, असे त्यांनी 1882 मध्ये प्रसिद्धही केले. नंतर त्यांना कळून आले की, आपले द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेले नसून नळाच्या पाण्यात केलेले होते! शुद्ध पाण्यात तेच द्रावण करून पाहिले, तो हृदयाचे ठोके मंदावत जाऊन थांबले. नळाच्या पाण्यातील किंचित कॅल्शियम हेच हृदयास चालवीत होते. रिंगर यांनी ही चूक झाकली नाही. 1883 मध्ये त्यांनी ती त्याच विषयावरील पुढील निबंधात स्वतःच्या नावाने जाहीर केली.

या कबुलीतून केवढे ज्ञान निघाले, ते पाहण्यासारखे आहे. विश्रांतीच्या स्थितीत पेशीच्या आतील मोकळे कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असते. पेशीच्या पटलात प्रथिनांचे अतिसूक्ष्म दरवाजे असतात; त्यांस आयनमार्ग म्हणतात. ते उघडले म्हणजे विद्युत्भारित कण, अर्थात आयन, त्यांतून जातात. स्नायूत शिरलेले कॅल्शियम ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे आतील तंतूंमधील अडसर दूर होतो, ते एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आखडतो. तंतू सरकतात ही कल्पना 1954 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी मांडली. पुढे 1976 मध्ये एर्विन नेहर आणि बर्ट साकमान या जर्मन शास्त्रज्ञांनी काचेच्या बारीक नळीचे टोक स्नायूच्या पटलास लावून एकेका मार्गातून वाहणारा विद्युत्प्रवाह मोजला. तो स्नायूही बेडकाचाच होता. या कार्याबद्दल त्यांस 1991 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रिंगर यांचे हृदय का थांबले, हेही आता उलगडले आहे. हातापायांच्या स्नायूंत कॅल्शियमचा साठा पेशीच्या आतच असतो. बेडकाच्या हृदयाला मात्र प्रत्येक ठोक्यासाठी ते मुख्यतः बाहेरून घ्यावे लागते. आतील साठ्याचा दरवाजा असलेल्या प्रचंड रेणूची रचना तर 2015 मध्ये सशाच्या स्नायूवरून जवळजवळ अणूअणूपर्यंत उकलली गेली. रिंगर यांनी ‘आधीच छापून गेले आहे’ म्हणून थांबलेल्या हृदयाकडे डोळेझाक केली असती, तर या वाटेचा आरंभच लांबला असता.

यावर कोणी म्हणेल, ‘थोर शास्त्रज्ञांची गोष्ट निराळी. विद्यार्थ्याचे उत्तर चुकते ते बहुधा हाताच्या कच्चेपणामुळे. त्यातून नवा शोध कसला लागणार?’ हा आक्षेप बराचसा रास्त आहे. आमच्या शंभर चुकांपैकी नव्याण्णव निष्काळजीपणाच्याच असतील. तथापि आकडा खोडल्याने निष्काळजीपणा जात नाही. तो केवळ दिसेनासा होतो. हात कोठे चुकला हे शोधावयाचे, तर चुकलेला आकडा डोळ्यांसमोर असावयास हवा. शिवाय उरलेल्या एका वेळी चूक हाताची नसते, चिठ्ठीची असते. आणि ते वेळ कोणती, हे आधी कोणासच सांगता येत नाही.

गुण जातील ही भीती खरी आहे आणि ती आम्ही लपवीत नाही. म्हणूनच गुरुजनांस आमची नम्र विनंती आहे की, अपेक्षित उत्तर न येता ज्याने आलेले आकडे जसेच्या तसे लिहिले आणि फरकाचे कारण शोधण्याचा प्रयत्न केला, त्याचे गुण कापू नयेत. उलट त्या प्रयत्नास गुण द्यावेत. आमच्याकडून आम्ही एवढे ठरविले आहे की, प्रयोगवहीच्या डाव्या कोऱ्या पानावर न जुळलेली निरीक्षणेही लिहावयाची आणि ती खोडावयाची नाहीत. भिंगाच्या त्या प्रयोगाच्या पानावर आम्ही आता आमचे खरे 12 पुन्हा लिहिले आहेत.