प्रीअँपच्या नावानं चांगभलं

घरच्या घरी गाणं किंवा निवेदन रेकॉर्ड करू पाहणाऱ्या पोरांना गाठून सल्ले देणारे एक जाणकार हल्ली फार जोरात आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: इंटरफेसमधला प्रीअँप म्हणजे पोटापुरती सोय, तो खरखरतो. आवाजाला ‘ऊब’ हवी असेल तर प्रीअँप वेगळाच घ्यावा लागतो, ऐपत नसेल तर निदान व्हॉल्व्हचा स्वस्त डबा तरी घ्या. मोठमोठे गायक अशाच यंत्रांतून गेले. आणि हा फरक ज्याला ऐकू येत नाही, त्याचा कान कच्चा. शेवटचा मुद्दा मोठा सोयीचा. एकदा तो मांडला की समोरच्यानं मान डोलवण्यावाचून काही उरतच नाही.

आधी खरखरीचं बघू, कारण सगळी भीती तिथूनच घातली जाते. ऑडिओ-टेक्निकाचा एटी2020 हा कंडेन्सर माईक नवशिक्यांच्या घरोघरी दिसतो. त्याची स्वतःची खरखर कंपनीच्याच कागदावर 20 डेसिबल लिहिलेली आहे, आणि 94 डेसिबलच्या आवाजाला तो साधारण 14 मिलिव्होल्ट देतो. हिशेब मांडला तर माईकची ही खरखर तारेतून उणे 109 डीबीयूच्या आसपास येते. आता फोकसराईटचा स्कार्लेट 2आय2 घ्या, तिसऱ्या पिढीचा. त्याच्या प्रीअँपची खरखर उणे 128 डीबीयू. म्हणजे माईकच्या खरखरीपेक्षाही ती 19 डेसिबल खाली. ज्याच्या नावानं खडे फोडायचे तो बिचारा माईकच्या मागे लपलेला, ऐकूसुद्धा येत नाही.

आणि हे झालं नुसत्या माईकचं. खोलीचं काय? रात्री अकरानंतर खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, तरी डोंबिवलीतल्या किंवा कोथरूडमधल्या बेडरूममध्ये 30 डेसिबलच्या खाली जाणं म्हणजे चैन. म्हणजे खोलीच माईकच्या खरखरीवर 10 डेसिबल चढून बसली. त्यात स्वयंपाकघरातल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली, खालून रिक्षा गेली, की आकडेमोडच संपली. घामाघूम होऊन गायकानं पंखा दोनवर लावा म्हटलं तर विचारूच नका. अशा खोलीत प्रीअँपची खरखर ऐकू येते असं जे म्हणतात, त्यांच्या कानांना नमस्कार.

बरं, पैसे टाकून ही खरखर कितीशी कमी होते? 150 ओहमचा साधा रोध, काहीही न जोडता, नुसता खोलीच्या उष्णतेनं जी खरखर करतो तीच उणे 131 डीबीयूच्या आसपास असते. हा निसर्गाचा तळ. तो खणायला कुठलीही कंपनी लाख रुपये घेऊनही येणार नाही. मोजायच्या पद्धतीनुसार दोन-तीन डेसिबल इकडेतिकडे होतात, पण बऱ्या इंटरफेसमधून राजेशाही प्रीअँपवर उडी मारली तरी पदरात पडतात ते पाचेक डेसिबल. तेही निव्वळ कागदावर. जाहिरातीतला आकडा याहून फारच खाली दिसला, तर समजावं की मोजताना माईकच्या जागी रोधाऐवजी तारेची दोन टोकंच जोडून टाकली होती.

एका ठिकाणी त्यांचं अर्धं बरोबर आहे. शूअरचा एसएम7बी हा डायनॅमिक माईक फार कमी बोलतो. 94 डेसिबलला जेमतेम 1.12 मिलिव्होल्ट. हळू बोलणाऱ्या माणसासाठी 60 डेसिबल गेन लागतो आणि तिसऱ्या पिढीचा 2आय2 देतो 56. इथे हात आखडतो, खरंच. पण त्यावर उपाय व्हॉल्व्ह कसा? उपाय गेन. याच 2आय2च्या चौथ्या पिढीत तो 69 डेसिबलपर्यंत नेलेला आहे, नाहीतर क्लाउडलिफ्टरसारखी छोटी डबी इंटरफेसच्या फँटमवर चालून आणखी 25 डेसिबल देते. ऊबबीब काही नाही, आवाज मोठा होतो एवढंच.

राहिला तो व्हॉल्व्ह. 12एएक्स7 या व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकात 100 आणि 250 व्होल्टांचे आकडे दिलेले असतात. स्वस्त डब्यांत बहुधा त्याला याच्या एका अंशावर अर्धपोटी ठेवतात, खरा गेन शेजारची चार आण्याची आयसी देते, आणि काचेमागे केशरी एलईडी लावून ऊब दाखवतात. दिवाळीतल्या आकाशकंदिलाची ऊब.

शिवाय हा डबा घेऊन पोरं त्याची तार इंटरफेसच्या माईकच्याच खाचेत खुपसतात. म्हणजे ज्या प्रीअँपला नावं ठेवली, त्याच्याच हातून पाणी.

आणि मोठे गायक? नीव्ह 1073 हा 1970 सालचा प्रीअँप थोरच, त्याची आजची आवृत्तीही लाखाच्या पलीकडे जाते. पण त्याच्यापुढे स्टुडिओ होता, भिंती होत्या, ऑर्केस्ट्रा होता. ते सगळं वगळून फक्त डबा मागवायचा, ही भक्ती झाली.

ही भक्ती नवी नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला तेव्हाही काही मंडळींनी गाण्याचं तेरावं घातलं होतं. त्या पेटीत जवारी नाही, हा आक्षेप रास्तच होता. पण आक्षेप घेणाऱ्यांपैकी कितीजण रियाजाला सुरात लावलेला खरा तानपुरा घेऊन बसत? बहुतेकांचा तानपुरा कपाटावर खोळीत पडलेला आणि तारांना गंज. त्याच्याही आधी व्हॉल्व्हच्या रेडिओचा गोडवा ट्रान्झिस्टरमध्ये नाही म्हणणारे होते. त्या रेडिओत वरचे सूर पोचतच नव्हते, तोच गोडवा.

मग घ्यायचं काय? 48 व्होल्ट फँटम देणारा, दोन माईकच्या खाचांचा कुठलाही बरा इंटरफेस. कंडेन्सर असेल तर 50 डेसिबल गेन भरपूर, डायनॅमिक असेल तर 60च्या पुढचा बघावा. खरखरीचा आकडा उणे 125च्या खाली आणि 150 ओहमवर मोजलेला असला की पुरे. इतकंच.

आणि हो, माईक तोंडापासून हातभर लांब असेल तर वीतभर अंतरावर आणा. अंतर निम्मं झालं की आवाज 6 डेसिबलनं चढतो, म्हणजे लाखाच्या प्रीअँपनं जे दिलं असतं त्याहून थोडं जास्तच. ‘प’ आणि ‘फ’चे फटके बसू लागले तर माईक जरा तिरका धरा. रेकॉर्डिंगमध्ये घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर उपटून बघा. उपटल्यावर थांबला, तर प्रीअँपला हात लावू नका, डब्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून वायरमन बोलवा आणि भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला अर्थिंग आहे की नुसतंच भोक आहे, हे तपासून घ्या.