वारा मोकळा, जमीन कुणाची?

उंच मनोरा नाही, सिमेंटचा प्रचंड पाया नाही. दोराला बांधलेला पतंग काही शे मीटर उंचीवरच्या जोरकस वाऱ्यात चढतो, त्या ओढीने जमिनीवरचा रहाट फिरतो आणि जनित्रातून वीज निघते. दोर परत गुंडाळण्यास त्यातलीच थोडी वीज खर्ची पडते. युरोपात या तंत्राचे प्रयोग झाले आहेत. पोलाद आणि काँक्रीट कमी लागते, हा त्याचा गुण खरा. परंतु ‘यंत्र डोळ्यांत खुपत नाही, तेव्हा लोक विरोध करणार नाहीत’ हे प्रवर्तकांचे अनुमान संशोधनाने सिद्ध झालेले नाही. यंत्राचा आवाज, दोरावर आपटू शकणारे पक्षी आणि पतंग कोसळण्याच्या भयाने खाली मोकळी ठेवावी लागणारी जमीन, हे प्रश्न उरतातच.

यांपैकी जमिनीचा प्रश्न मुळशीने शतकापूर्वीच भोगला आहे. धुरकट कोळशाच्या तुलनेत जलविद्युतही तेव्हा स्वच्छच होती. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती; सरकारने भूसंपादनाचा कायदा टाटा कंपनीच्या दिमतीस दिला. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांनी तुरुंगवास पत्करला. तरी धरण झालेच. अनेक जमिनी आधीच सावकारांच्या नावे झाल्या होत्या. त्यामुळे मोबदला कागदावरच्या मालकाकडे गेला आणि कसणारा मावळा उघड्यावर पडला.

वाऱ्याची वीजही या दोषापासून मुक्त नाही. भीमाशंकरलगत खेड तालुक्यात पवनचक्क्यांसाठी सुमारे 194 हेक्टर वनजमीन देण्यात आली. डोंगर फोडून केलेल्या रस्त्यांनी झालेली हानी आणि गावकऱ्यांना डोंगरावर जाण्यास झालेली अटकाव यांवर माधव गाडगीळ समितीने 2011 च्या अहवालात बोट ठेवले आहे.

कोळशाला पर्याय हवा, याविषयी समाजवाद्यांत दुमत असू नये. मात्र उद्या सह्याद्रीच्या पठारांवर पतंग आला, तर त्याच्या सावलीत गुरे चारणाऱ्या गवळी-धनगरांची आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कातकऱ्यांची संमती कोण घेणार? वनजमिनीवरील चराईसारखे सामूहिक हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने मान्य केले आहेत. ते आजच नोंदवून घेणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. प्रकल्पाचा फलक लागल्यावर ते करू म्हटल्यास उशीर झालेला असेल. नकार देण्याचा अधिकार आणि निघालेल्या विजेत वाटा, या दोन गोष्टी ग्रामसभेच्या हाती नसतील, तर तिच्यापुढे मांडलेला ठराव म्हणजे संमती नव्हे, केवळ सूचना होय.