घराबाहेर काढणे हा उपचार नव्हे

व्यसनी मुलांच्या पालकांसाठी भरलेल्या एका मेळाव्यात परवा एका वक्त्यांनी भरपूर टाळ्या मिळवल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मुलगा पंचविशीचा आहे, सज्ञान आहे, गर्द ओढतो तो स्वतःच्या मर्जीने. आईबाप जेवू घालतात, पांघरूण घालतात, म्हणून त्याचे फावते. तेव्हा त्याला घराबाहेर काढा, वर्तमानपत्रात ‘आमचा त्याच्याशी संबंध नाही’ अशी जाहीर नोटीस द्या आणि त्याला तळ गाठू द्या. मग आपोआप डोळे उघडतील. समोरच्या आया माना खाली घालून हे ऐकत होत्या. त्यांच्या वतीने कोणीतरी उत्तर द्यायलाच हवे.

पहिली पुडी मर्जीची असेल. टर्की लागून, म्हणजे पुडी न मिळाल्याने, अंग मोडते, उलट्या-जुलाब होतात, तेव्हाची पुडी मर्जीची नसते. जाहीर नोटिशीने उसने देणारे फार तर सावध होतील. आणि लाडामुळे मुले बिघडतात म्हणावे, तर कडक शिस्तीच्या घरांतली मुलेही व्यसनमुक्ती केंद्राच्या त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून शेकडो किलो मेफेड्रोन, म्हणजे मुलांच्या भाषेत एमडी, पकडले. ते कोणत्या आईच्या लाडातून तयार झाले होते?

पण माझा खरा राग आहे तो ‘तळ गाठू द्या’ या सल्ल्यावर. तळ गाठून वर आलेला माणूस व्यासपीठावर उभा राहून आपली कहाणी सांगतो. जो वर आला नाही, त्याला कोण बोलावणार? वाचलेल्यांचीच साक्ष घेऊन काढलेला हा निष्कर्ष आहे. गर्दच्या बाबतीत तर तो जीवघेणा आहे. रोज ओढणाऱ्याच्या शरीराला मोठी मात्रा सोसायची सवय झालेली असते. व्यसनमुक्ती केंद्रात किंवा तुरुंगात काही आठवडे काढले की ती सवय उतरते. मग स्लिप झाली, म्हणजे पुन्हा पुडी हातात आली, की मुलगा पूर्वीचीच मात्रा घेतो, श्वास मंदावतो आणि थांबतो. म्हणजे सगळ्यात मोठा धोका असतो तो मुलगा नुकताच सुधारून बाहेर पडलेला असताना. घरात माणूस असेल तर निळे पडलेले ओठ, घशातली घरघर कोणाच्या तरी लक्षात येते. त्याला कुशीवर वळवून दवाखान्यात नेता येते, तिथे नालोक्सोन हे औषध देऊन श्वास परत आणता येतो. पुलाखाली झोपलेल्या मुलाकडे पाहून लोक म्हणतात, नशेत पडलाय, आणि पुढे जातात. शिवाय रस्त्यावर त्याला आसरा देणार कोण? ज्यांच्याकडे पुडी मिळते तेच. तिथे एकच सुई चौघांत फिरते आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस सी घेऊन जाते. दाखल करताना बहुतेक केंद्रे घरचे माणूस मागतात. ते माणूसच तुम्ही तोडून टाकलेले असते.

कठोर झाल्याशिवाय मुलगा उपचाराला तयार होत नाही, हाही अनुभवाने टिकणारा दावा नाही. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पिणारा माणूस उपचाराला नकार देत होता, म्हणून त्याच्या घरच्यांना तीन वेगवेगळ्या पद्धती शिकवल्या. शुद्धीत असताना जवळ घ्यायचे, नशेत असताना बाजूला व्हायचे, योग्य क्षणी उपचाराचा विषय काढायचा, असे शिकलेल्या कुटुंबांतले ६४ टक्के पिणारे उपचाराला आले. सर्वांनी मिळून समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत ३० टक्के आणि स्वतःला भावनिकदृष्ट्या अलग करायला शिकवणाऱ्या गटात १३ टक्के. अभ्यास दारूवरचा आहे, हे खरे. पण घरच्यांशी धागा टिकला तर माणूस लवकर वळतो, हे त्यातून स्पष्ट दिसते.

असे सल्ले देणाऱ्या मंडळींशी माझा एक जुना वादही आहे. काही वर्षांपूर्वी यांच्यातलेच लोक सांगत, ‘लग्न लावून द्या, जबाबदारी आली की सुटेल.’ किती मुलींनी त्या सल्ल्याची किंमत मोजली, दागिने गमावले, मार खाल्ला! तेव्हा मुलगा परक्याच्या लेकीच्या गळ्यात बांधायचा, आता फुटपाथवर सोडायचा. दोन्ही वेळा हेतू एकच : आपल्या डोळ्यांसमोरून प्रश्न दूर करणे.

मग आईबापांनी करायचे काय? रोख पैसे द्यायचे नाहीत, जेवण द्यायचे. त्याची उधारी फेडायची नाही, ऑफिसात त्याच्यासाठी खोटे बोलायचे नाही. दागिने, कागदपत्रे कुलपात ठेवायची. स्लिप झाली तर पुन्हा उपचार, न लाजता. त्याने हात उगारला तर वेगळे राहायला सांगण्याचा पूर्ण हक्क आहे; ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा पाठीशी आहे. पण ते आपल्या सुरक्षिततेसाठी. त्याला उपचाराचे नाव देऊ नये, आणि तेव्हाही त्याचा फोन उचलावा. स्वतःसाठी पालकांचा गट शोधावा. १४४४६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर चौकशी करता येते.

अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा देशातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी. त्यातल्या कलम ६४-अ नेसुद्धा थोड्या मालासह पकडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातून सूट देण्याची तरतूद केली आहे. कायद्याने परतीची वाट मोकळी ठेवली असताना आईबापांनी ती बंद करावी, असे सांगण्याचा अधिकार कोणाही वक्त्याला नाही.