खड्ड्यांआधी चौकट

बीड जिल्ह्यात तेलगाव सोडून धारूरची वाट धरली की उसाचे फड मागे पडतात आणि बालाघाटचा चढ लागतो. उतारावर धावडा, कागदासारखी साल सुटलेली साळई, मधूनच खैर आणि जिकडेतिकडे सीताफळ. वर पठारावर कुसळी-पवन्याचा माळ, त्यात एखादं बोर नाहीतर हिवर. उलट माजलगाव धरणाकडे वळलं तर बाभूळ आणि वेडी बाभूळ. वृक्षलागवडीच्या कागदावर मात्र तिन्हीकडे एकच रकाना: रोपे लावली इतकी, जगली इतकी.

२०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं. किती लावली यावर रणं माजली. कुठे कोणती, हे विचारायला फारसं कुणी पुढे आलं नाही. रोपवाटिकेत जे तयार ते खड्ड्यात. गिरिपुष्प झटपट हिरवं होतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, फोटोही बरा येतो. माळ तर दप्तरी ‘पडीक’च, तिथे गवत मोडून खड्डे पाडले तरी हळहळणार कोण?

जागा-जागांची तुलना करायची साधी रीत पॉल जाकार या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०१ मध्ये आल्प्स आणि जुरा डोंगरांतल्या वनस्पतींसाठी मांडली. दोन्हीकडे आढळणाऱ्या जाती भागिले दोन्हीकडच्या मिळून एकूण जाती. समजा, उतारावर ३०, माळावर २५, सामाईक ११. मग ११ भागिले ४४, म्हणजे पाव. सरसकट लागवडीनंतर हाच आकडा पावावरून अर्ध्यावर चढला, तर दोन जागांमधला फरक पुसला जातोय. एकेका जागेच्या यादीत हे कळत नाही. उलट टणटणी, गाजरगवत, रानतुळस ही परकी मंडळी घुसली की यादी लांबते आणि अहवालात जैवविविधता ‘वाढते’!

सीताफळही मूळचं अमेरिकेतलंच. पण बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्याला परकं म्हणायला धारूरच्या बाजारात तरी कुणी जाऊ नये. प्रश्न नुसता देशी-विदेशीचा नाही, कोण कुणाला जागा सोडतं याचा आहे. डॉ. व्ही. एन. नाईक यांच्या १९९८च्या ग्रंथात मराठवाड्याच्या वनस्पती नोंदलेल्या आहेत. मात्र या उतारावर कोणाशेजारी कोण आणि किती, हे जागेवर जाऊनच मोजावं लागतं.

त्याला खर्च म्हणाल तर चार खुंट्या, दोरी आणि टेप. दहा मीटरच्या चौकटीत झाडांचे घेर मोजायचे, आत मीटरभराच्या चौकटीत गवत. अट एकच: गवतं ओळखायची तर तुरे यायला हवेत, म्हणजे भाद्रपद-आश्विनात. जूनमध्ये खड्डे पाडायचे असतील, तर चौकटी आदल्या दसऱ्याच्या सुमारास आखून झालेल्या हव्यात. आसपासच्या महाविद्यालयांतली वनस्पतिशास्त्राची मुलं हे काम करतील. वनखात्याने परवानगी आणि एक जीप द्यावी.