शब्द पाठ, पत्र नापास

दर शनिवारी सकाळी दहा वाजता फ्रीमाँटच्या वाचनालयातल्या मागच्या खोलीत आमचा वर्ग भरतो. वर्ग म्हणजे काय, जोडलेली दोन टेबलं, एक पांढरा फळा आणि प्रत्येकाच्या हाताशी गरम पाण्याचा थर्मास. येणारे बहुतेक सगळे चिनी. कुणी मुलीकडे नातवंडं सांभाळायला आलेले, कुणी रेस्टॉरंटच्या किचनमध्ये राबणारे, एक बाई वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करतात. वयं पस्तिशीपासून सत्तरीपर्यंत. गेली सहा वर्षं मी तिथे हौसेखातर इंग्रजी शिकवते. ते मला 'लाओशी' म्हणतात. आपण शाळेत 'बाई' म्हणायचो ना, अगदी तसंच.

या वर्गात मी एक चूक केली. तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

दोन वर्षांपूर्वी वर्गाची संख्या वाढली, तेव्हा दोन गट करायचं ठरलं. प्राथमिक आणि प्रगत. कोण कुठे बसणार हे ठरवायला परीक्षा हवी, आणि ती काढायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. माझी सगळी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेलेली, म्हणून मला वाटलं, यात काय मोठंसं! चाळीस कठीण शब्द घेतले, प्रत्येकाला चार पर्याय दिले, योग्य अर्थावर खूण करा म्हटलं. तपासायला दहा मिनिटं पुरली.

आमच्या वर्गातले एक आजोबा, निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, चाळीसपैकी अडतीस मार्क मिळवून पहिले आले. मी टाळ्या वाजवल्या, त्यांना प्रगत गटात पहिल्या खुर्चीवर बसवलं. हॉटेलात भाज्या चिरणाऱ्या एका गृहस्थांना अकरा मिळाले. ते प्राथमिक गटात गेले.

तीन महिन्यांनी आजोबा वर्ग संपल्यावर मागे थांबले. पिशवीतून एक घडी घातलेलं पत्र काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. वसुली एजन्सीचं होतं. त्याआधी हॉस्पिटलची दोन पत्रं येऊन गेली होती, तीही त्यांनी नीट फाइल करून ठेवलेली. मी पहिलं पत्र वाचलं. त्यात लिहिलं होतं की, विमा कंपनीकडचं काम पूर्ण झालं असून आपल्या खात्यावर १,१४० डॉलर 'आउटस्टँडिंग बॅलन्स' आहे. आणि तळाशी नेहमीची ओळ : आपण पैसे आधीच भरले असल्यास या पत्राकडे 'डिसरिगार्ड' करावे.

"लाओशी, मला सगळे शब्द येत होते," आजोबा म्हणाले.

खरंच येत होते. 'आउटस्टँडिंग' म्हणजे उत्कृष्ट, हा प्रश्न माझ्याच परीक्षेत होता आणि त्यांनी तो बरोबर सोडवला होता. 'डिसरिगार्ड' म्हणजे दुर्लक्ष करणे, तोही बरोबर. त्यांनी वाचलं ते असं : विम्याने पैसे भरले, खातं उत्तम स्थितीत आहे, पत्राकडे दुर्लक्ष करा. आणि त्यांनी शिस्तीत दुर्लक्ष केलं. 'आउटस्टँडिंग'चा दुसरा अर्थ थकबाकी असा होतो, हे त्यांच्या यादीत नव्हतं. आणि माझ्या परीक्षेतही नव्हतं.

पैशांचं पुढे निभावलं. मुलीने फोन केले, हॉस्पिटलने हप्ते बांधून दिले. पण आजोबा तीन शनिवार वर्गाला आले नाहीत. चौथ्या शनिवारी आले तेव्हा सहज बोलावं तसं म्हणाले, "आता माझी पत्रं मुलगी आधी उघडते." ज्या माणसाने आयुष्यभर पुलांचे आराखडे तपासले, त्याची टपाल उघडण्याची मुखत्यारी गेली. ते वाक्य मला फार लागलं. कारण 'तुम्हाला प्रगत इंग्रजी येतं' असं प्रमाणपत्र मीच दिलं होतं. आमच्या धंद्यात याला म्हणतात, टेस्ट पास आणि प्रोग्राम बंद.

आता यात आजोबांना किंवा चिनी शिक्षणपद्धतीला हसण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. मी स्वतः पुण्यात नव्वदच्या दशकात जीआरई दिली, ती बॅरन्सच्या पुस्तकातली साडेतीन हजार शब्दांची यादी घोकून. हॉस्टेलच्या गच्चीवर फेऱ्या मारत आम्ही विरुद्धार्थी शब्द पाठ करायचो. मार्क उत्तम पडले. अमेरिकेत आल्यावर घरमालकाचा भाडेकरार वाचला तेव्हा घाम फुटला. तोच प्रकार चीनमध्ये फार मोठ्या प्रमाणावर चालतो, एवढंच. १९९३ साली यू मिनहोंग यांनी बीजिंगमध्ये न्यू ओरिएंटल ही शिकवणी संस्था काढली आणि टोफेल-जीआरईच्या तयारीचा तिथे प्रचंड उद्योग उभा राहिला. त्यांच्या जीआरई शब्दांच्या लाल पुस्तकाला मुलं कौतुकाने 'लाल रत्नग्रंथ' म्हणतात. कॉलेजातल्या मुलांसाठी १९८७ पासून वेगळी इंग्रजीची राष्ट्रीय परीक्षा आहेच. आणि साम्राज्याच्या काळातली नोकरशाहीची परीक्षा १९०५ मध्ये बंद होईपर्यंत तेराशे वर्षांच्या आसपास चालली. परीक्षेवरची ही श्रद्धा काल-परवाची नाही.

चिनी भाषेत पाठ करण्याला 'बेई' म्हणतात. त्याच अक्षराचा दुसरा अर्थ पाठ, म्हणजे शरीराची पाठ! हे ऐकून मी उडालेच. आपल्याकडेही 'पाठ' दोन्ही अर्थांनी आहेच की. वर्गात सांगितलं तर सगळे खूश. मग त्यांनी मला त्यांचा नेहमीचा विनोद सांगितला. त्यांच्या बहुतेक शब्दयाद्या 'अबँडन' या शब्दापासून सुरू होतात, अर्थ 'सोडून देणे', आणि बरेच जण तिथेच सोडून देतात.

चिनी माणसाला इंग्रजी शब्द पाठ का करावे लागतात, हेही समजून घ्यायला हवं. त्यांच्या भाषेत शब्द बहुधा ओळखीच्या तुकड्यांचे बनतात. रेल्वे म्हणजे 'आग-गाडी', आपल्या आजीच्या तोंडी होतं अगदी तेच. संगणक म्हणजे 'विजेचा मेंदू'. न्यूमोनियाला ते 'फुफ्फुस-दाह' म्हणतात, म्हणजे शाळकरी मुलालाही रोग कुठे आहे ते कळतं. इंग्रजीतला 'न्यूमोनिया' मात्र कुठूनही उघडत नाही. आपल्याकडे निदान डॉक्टर, कोर्ट, बँक, नोटीस हे शब्द लहानपणापासून कानावर असतात. त्यांच्याकडे तेही नसतात, कारण चिनी भाषा बाहेरचे शब्द बहुतेक वेळा भाषांतर करून घेते. म्हणजे आपण जिथे दहाव्या पायरीवरून चढायला लागतो, तिथे ते जमिनीवरून. साठीनंतर रोज वीस शब्द पाठ करणाऱ्या माणसाला मी तरी नमस्कारच करीन.

आणि शब्दांशिवाय वाचन होत नाही, हेही तितकंच खरं. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी या विषयावर आयुष्य घातलं. त्यांचा निष्कर्ष असा की, मजकूर कुणाच्या मदतीविना नीट समजायचा तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात. तीनशे शब्दांच्या पानावर फार तर सहा अनोळखी. इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी त्या सहजतेने वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. तेव्हा 'घोकंपट्टी वाईट' असं म्हणून हात झटकणं सोपं आहे, पण ते खरं नाही. माझी तक्रार पाठांतराबद्दल नाही. पाठांतरापाशीच थांबणाऱ्या परीक्षेबद्दल आहे.

नेशन यांनीच डेव्हिड बेग्लर यांच्याबरोबर २००७ मध्ये शब्दसंख्या मोजणारी एक चाचणी प्रसिद्ध केली. १४० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि बरोबर उत्तरांना शंभराने गुणायचं. उपयोगाची चाचणी आहे. पण तुम्हीच हिशेब करा. ज्याला एकही शब्द येत नाही त्याने डोळे मिटून खुणा केल्या तरी चारातला एक या न्यायाने पस्तीस उत्तरं बरोबर येतील. म्हणजे साडेतीन हजार शब्द! अंदाज बांधण्यात जो तरबेज, त्याचा आकडा फुगतो. आणि पर्यायांच्या परीक्षा देत देतच जे मोठे झाले, त्यांच्याइतकं तरबेज कोण असणार? ती चाचणी शब्द किती येतात याचा अदमास देते. पत्र वाचता येतं का, हे सांगण्याचा तिचा दावाच नाही. तो दावा माझ्यासारखे हौशी परीक्षक तिच्यावर लादतात.

मोठ्या परीक्षा घेणाऱ्यांनाही हे कळलेलं आहे. टोफेलने सुटे शब्द विचारणं नव्वदच्या दशकातच बंद करून ते उताऱ्यात आणले. जीआरईने २०११ मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढून टाकले. पण या परीक्षा विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी. दुसऱ्या टोकाला अमेरिकन नागरिकत्वाची परीक्षा आहे, तिथे तीनपैकी एक साधं वाक्य नीट वाचून दाखवलं की वाचनात पास. या दोन टोकांच्या मध्ये जी माणसं राहतात, ज्यांना प्रबंध लिहायचा नाही पण हॉस्पिटलचं, घरमालकाचं, मुलाच्या शाळेचं पत्र वाचायचं आहे, त्यांच्या वाचनाची परीक्षा घ्यावी, हे मलाही आधी सुचलं नव्हतं.

आजोबांच्या पत्रानंतर मी माझी प्रश्नपत्रिका फाडली. नवी काढली, ती अशी.

पहिल्या भागात कठीण शब्द नाहीतच. सोपे, रोजचे शब्द, पण त्यांचे वेगळे अर्थ. 'चार्ज', 'ड्यू', 'कव्हर', 'टर्म', 'बॅलन्स'. प्रत्येक शब्द दोन वाक्यांत, आणि दोन्हीकडे अर्थ काय ते सांगायचं. दुसऱ्या भागात एक खरंखुरं पत्र, नावं खोडलेलं. त्यावर तीनच प्रश्न : कुणी काय करायचं आहे, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर काय होईल? उत्तर हव्या त्या भाषेत लिहा. चिनी भाषेत लिहिलं तरी चालेल, वर्गात मदतीला येणारी एक चिनी कॉलेजकन्यका ती वाचून मला सांगते. समजलंय का ते तपासायचं असताना इंग्रजी लिहिता येत नाही म्हणून मार्क कापणं हा अन्याय आहे.

तिसरी गोष्ट, शब्दकोश आणि फोन वापरायला परवानगी. यावर माझ्या मुलाने लगेच विचारलं, "आई, फोनचा कॅमेरा पत्रावर धरला की भाषांतर मिळतं. मग परीक्षा कशाला?" प्रश्न चोख आहे. पण आजोबांच्या खिशातही फोन होता. त्यांनी तो काढला नाही, कारण आपल्याला समजलं आहे अशी त्यांची खात्री होती. जो शब्द येत नाही तो माणूस शोधतो. जो येतो असं वाटतं, तो कोण शोधणार? म्हणून माझं लक्ष आता इकडे असतं की, शंका कुठे येते आणि कुठे येत नाही.

नव्या परीक्षेत गंमत झाली. अकरा मार्कवाल्या भाजी चिरणाऱ्या गृहस्थांनी पत्राचे तिन्ही प्रश्न बरोबर सोडवले. नऊ शब्द फोनवर शोधले, वेळ दुप्पट घेतला, पण तारीख आणि अट अचूक पकडली. कसं जमलं विचारलं तर म्हणाले, "हॉटेलात आलेली सगळी पत्रं मालक माझ्याकडेच देतो. एकदा चुकलो होतो." आजोबांची गाडी मात्र लांब वाक्यांत अडली. चिनीत, आपल्या मराठीसारखंच, माणसाचं वर्णन माणसाच्या आधी येतं, 'काल आलेला माणूस'. इंग्रजीत माणूस आधी आणि शेपूट मागून. अट असलेलं शेपूट तर बहुधा अगदी शेवटी. तिथवर पोचेपर्यंत वाचणाऱ्याने अर्थ लावून टाकलेला असतो. हे कळल्यावर काय शिकवायचं तेही कळलं. परीक्षेचं काम तेच तर असतं.

मान्य आहे, अशी परीक्षा तपासायला माझा अख्खा रविवार जातो. हजारो लोकांची अशी परीक्षा घेणं अवघड आहे, तिथे पर्यायांच्या खुणा लागणारच. पण चौदा प्रौढ माणसांच्या वर्गात 'तपासायला सोपं' हे कारण मी पुन्हा देणार नाही. मुलाची परीक्षा चुकली तर त्याला पुढचं वर्ष असतं. मोठ्या माणसाच्या परीक्षेचा निकाल थेट टपालपेटीत येतो.

वाचकहो, हे चिनी लोकांचं म्हणून सोडून देऊ नका. तुमचे आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात, इंग्रजी अग्रलेख सहज वाचतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. त्यांच्या प्रवास-विम्याच्या कागदावर काय काय 'कव्हर' होत नाही, ते त्यांना एकदा आपल्या शब्दांत सांगायला लावा. त्यांची परीक्षा म्हणून नको, शेजारी बसून, चहा घेत. कदाचित आपल्यालाच ते नीट ठाऊक नाही, असं निघेल.

आजोबा आता नियमित येतात. गेल्या महिन्यात मुलीला सांगून त्यांनी आपली पत्रं पुन्हा स्वतः उघडायला सुरुवात केली. परवा वीजबिल घेऊन आले, एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारलेली. "लाओशी, हा 'ड्यू' कुठला? देणं, की मुदत?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी बिल पुन्हा वरपासून वाचायला घेतलं.